सोयाबीन आले, त्याची चूल आली नाही

२०२४ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे बाभुळगाव. त्या दिवसांत आमच्या भागातला कुठलाही रस्ता घ्या, डांबराची एक बाजू पिवळी झालेली दिसते. ताडपत्री, जुन्या साड्या, उसवून जोडलेली पोती, जे हाताशी असेल ते अंथरून त्यावर सोयाबीन वाळत घातलेले असते. कोणी फावड्याने, कोणी नुसत्या पायाने ते पालटत असतो.

आमच्याही दारासमोर तेच चालले होते. भाईजानचे सोयाबीन एका खरेदी केंद्रावरून परत आले होते. ओलावा १४ टक्के निघाला. हमीभावाने घ्यायचे तर तो १२ च्या आत हवा. परतीच्या पावसात सोंगलेल्या मालाचा ओलावा ऑक्टोबरच्या उन्हात किती उतरणार? हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात व्यापारी ४,१०० च्या पुढे जायला तयार नाही, आणि मळणीवाल्याचे, मजुरांचे, कृषी केंद्राचे पैसे दिवाळीआधी द्यायचे.

माझी पुतणी आठवीत आहे. दाणे पालटता पालटता तिने विचारले, "चाचा, आपण एवढं सोयाबीन पिकवतो, मग घरात खात का नाही?" मी काही बोलायच्या आत भाईजान म्हणाले, "बेटा, ते खायचं नसतं, विकायचं असतं."

उत्तर खोटे नव्हते. आमच्या घरात सोयाबीन पेरायला लागून पंचवीस-तीस वर्षे झाली, पण त्याची मूठभर उसळसुद्धा कधी शिजलेली मला आठवत नाही. आणि तरीही हेच धान्य पूर्व आशियात दोन-अडीच हजार वर्षांहून अधिक काळ माणसांच्या ताटात आहे. मग आमच्याकडे येईपर्यंत ते 'फक्त विकायचे' कसे झाले? पोरीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो आहे. हा प्रश्न भावाशीही जोडलेला आहे, असे मला आता वाटते.

सोयाबीनचे मूळ घर चीन. तिथल्या प्राचीन ग्रंथांत ज्या पाच मुख्य धान्यांची नावे येतात, त्यांत सोयाबीन आहे. पण चीनच्या माणसालाही ते सहज पचले नव्हते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या रसाला अडवणारे घटक असतात. ते चांगल्या उष्णतेशिवाय जात नाहीत. तूर-मुगासारखे ते मऊही शिजत नाही, आणि वाटले की एक हिरवट वास सुटतो. म्हणून त्या लोकांनी त्याच्याभोवती एक वेगळेच स्वयंपाकघर उभे केले. दाणे भिजवून, वाटून, उकळून दूध काढले, ते नासवून टोफू केला. दाणे आंबवून सॉस केला. जपानमध्ये मिसो आणि नॅटो झाले. जावा बेटावर उकडलेल्या दाण्यांना एका बुरशीचे विरजण लावून टेम्पे नावाच्या वड्या करायला लागले. एका अवघड दाण्याला वश करण्याच्या या साऱ्या युक्त्या आहेत आणि त्या शोधायला कित्येक पिढ्या गेल्या.

भारतातही ही विद्या अगदीच नव्हती असे नाही. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात काळे सोयाबीन 'भट' या नावाने पिढ्यान् पिढ्या खाल्ले जाते. नागालँडचे अखुनी, मणिपूरचे हवाईजार, सिक्कीमचे किनेमा हे सगळे आंबवलेले सोयाबीनच. मध्य भारतातही काळ्या दाण्याचे एक जुने वाण होते. लोक त्याला 'काली तूर' म्हणत. अनोळखी दाण्याला ओळखीच्या दाण्याचे नाव द्यायची ही आपली जुनी सवय. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीत या दाण्याची चूल कधी पेटली नाही.

एकदा मात्र ती पेटता पेटता राहिली, आणि तेही आमच्या शेजारी. बाभुळगावाहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा शहर फार लांब नाही. तिथे मगनवाडीत १९३५ मध्ये गांधीजी राहत होते. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते केंद्र. खेड्यातल्या गरिबाला स्वस्तात पोषण कसे मिळेल, हा तिथला रोजचा विषय होता. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल, पालेभाज्या यांच्याबरोबर मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचाही प्रयोग झाला आणि 'हरिजन'मधून त्याबद्दल लिहिले गेले. त्यासाठी बडोदा संस्थानाच्या अन्न-पाहणी कार्यालयाच्या पत्रकाचा आधार घेतला होता. सयाजीराव गायकवाडांच्या त्या संस्थानात सोयाबीनचा अभ्यास आधीच सुरू होता. तिथले अधिकारी एफ. एस. काळे यांचे सोयाबीनची लागवड, आहारमूल्य आणि उपयोग यांवरचे इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी वर्धा आणि बडोदा या दोन ठिकाणी या दाण्याकडे अन्न म्हणून पाहिले जात होते, आणि त्यातले एक ठिकाण आमच्या नदीपलीकडे होते.

त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, ते पाहिले की इतिहासाची गंमत कळते. १९३४ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोटारवाल्या हेन्री फोर्डने पाहुण्यांना सोयाबीनच्या पदार्थांचे जेवण दिले. पण त्याला खरा रस होता तो सोयाबीन कारखान्यात नेण्यात. त्याच्या मोटारींचा रंग सोयाबीनच्या तेलापासून होऊ लागला. हॉर्नचे बटण, गिअरची मूठ सोयाबीनच्या पेंडीपासून केलेल्या प्लास्टिकची झाली. १९४१ मध्ये त्याने तशा प्लास्टिकचे पत्रे लावलेली एक मोटारही लोकांसमोर आणली. प्लायवूड चिकटवायला सोयाबीनच्या पिठाचा गोंद वापरात होताच. आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये शिकागोच्या धान्य बाजारात सोयाबीनचे वायदे सुरू झाले. न पिकलेल्या, न पाहिलेल्या सोयाबीनची खरेदी-विक्री कागदावर होऊ लागली.

तर १९३५-३६ च्या त्या दोन वर्षांत सोयाबीनपुढे दोन वाटा होत्या. एक मगनवाडीच्या चुलीकडे जाणारी आणि दुसरी शिकागोच्या बाजाराकडे जाणारी. तीस वर्षांनी हे पीक मोठ्या प्रमाणावर भारतात आले, ते दुसऱ्या वाटेने.

१९६० च्या दशकात जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि पंतनगरचे कृषी विद्यापीठ यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पिवळ्या दाण्याच्या अमेरिकी वाणांच्या चाचण्या घेतल्या. 'ब्रॅग' हे त्यातले एक गाजलेले वाण. १९६७ मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला हेतू आहाराचाच होता. देशात प्रथिनांची टंचाई होती, आणि सोयाबीनमध्ये ती चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. पण लोकांनी ते खाल्ले नाही. खाणार कसे? दाण्याबरोबर त्याला शिजवायची विद्या आली नव्हती. मालव्यातल्या शेतकऱ्यांनी ते पेरले, कारण त्यांची काळी जमीन पावसाळ्यात पडीक राहायची आणि गहू घ्यायच्या आधी एक जास्तीचे पीक निघत होते. ते विकत घ्यायला तेलाचे कारखाने उभे राहिले. इंदूर या साऱ्याची राजधानी झाली. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना १९७९ मध्ये तिथेच स्थापन झाली आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रही तिथेच आले.

इथे थोडे तेलाचे गणित सांगायला हवे, कारण सगळी मेख त्यात आहे. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते, भुईमुगाच्या दाण्यात जवळपास तेवढेच, जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून गावातला तेली बैलाच्या घाणीवर त्याचे तेल काढू शकत होता. सोयाबीनमध्ये तेल अवघे १८ ते २० टक्के. लोखंडी एक्सपेलरमधून काढले तरी ढेपेत सहा-सात टक्के तेल राहून जाते, म्हणजे एक तृतीयांश तेल वायाच. त्यामुळे सोयाबीनचे तेल परवडते ते रसायनात धुऊन काढणाऱ्या मोठ्या सॉल्व्हंट कारखान्यालाच. तिथे ढेपेत जेमतेम एक टक्का उरते. असा कारखाना गावात निघत नाही. त्याला कोट्यवधींचे भांडवल लागते आणि रोजचा शेकडो टन माल लागतो. सोयाबीन आले तेव्हा गावच्या घाणीला त्यात जागाच नव्हती.

आणि क्विंटलभर सोयाबीनमधून निघते काय? १८ किलोच्या आसपास तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो, पण कारखान्यातून बाहेर पडणारा मुख्य माल पेंड आहे. ती कोंबड्या खातात, डुकरे खातात, तळ्यातले मासे खातात. उरलेल्या तेलाचे वनस्पती तूप होते, साबण होतो, रंग होतो, अमेरिकेत डिझेल होते, वर्तमानपत्राची शाई होते. तेल गाळताना निघणारे लेसिथिन चॉकलेटमध्ये आणि बिस्किटांत जाते. पेंडीच्या पिठापासून त्या वड्या होतात ज्या आपण किराणा दुकानातून पुडीत आणतो. महिनाअखेरीस आमच्याकडे त्या भिजवून, बारीक करून त्याचा 'खिमा' व्हायचा. अम्मी पुदिना जरा जास्त घालायची आणि अब्बा ओळख न देता खायचे. विचार केला तर आमच्या शेतातला दाणा आमच्याच ताटात यायला तीनशे-चारशे किलोमीटर जाऊन, धुऊन, दाबून, पुडीत बसून परत येत होता. येताना त्याचा भाव कित्येक पट झालेला असायचा.

मालव्यातून हे पीक नागपूर-वर्ध्याकडे आणि तिथून अमरावती-यवतमाळकडे सरकले. आमच्या भागात ते फोफावले १९९० च्या दशकात. १९९४ मध्ये जबलपूरच्या विद्यापीठाचे 'जेएस ३३५' हे वाण आले आणि मध्य भारतातले बहुतेक शिवार त्याने व्यापले. आमच्याकडे अजूनही म्हातारे शेतकरी नुसते 'तीनशे पस्तीस' म्हणतात.

शेतकऱ्याने ते का स्वीकारले, हे समजून घेतले पाहिजे. उगाच 'नगदी पिकाचा मोह' म्हणणे सोपे आहे. कापसाला जूनपासून फेब्रुवारीपर्यंत शेत अडकते; सोयाबीन शंभर दिवसांत मोकळे होते आणि त्या जागी हरभरा घेता येतो. कापसाची वेचणी चार-चार वेळा, आणि वेचायला माणसे नाहीत. सोयाबीन एकदा सोंगले, गंजी लावली, मळणी यंत्र आणले की दिवसात पोती भरतात. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाचा चुकारा महिनोन् महिने रखडायचा. सोयाबीनचे पैसे दिवाळीला हातात पडायचे. पोरांना कपडे घेता यायचे. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत जातो, तो फायदा वेगळा. अब्बांनी पहिल्यांदा सोयाबीन पेरले ते असा सगळा हिशोब करून. आजही मला तो हिशोब चुकीचा वाटत नाही.

पण हिशोबात काही गोष्टी धरल्या गेल्या नाहीत. आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. दादा धुनकी घेऊन गावोगाव फिरायचे, गाद्या-रजया भरायचे, आणि थोडी जमीन मक्त्याने करायचे. दादी सांगायची, त्या वेळच्या शेतातून घरात काय काय यायचे. ज्वारी यायची, ती वर्षभर कणगीत. तिचा कडबा बैलांना. सोंगणीच्या मजुरीतही ज्वारीच दिली जायची, म्हणजे मजुराच्या घरीही भाकर. मूग-उडीद पोळ्याच्या सुमारास. तूर डाळीला. धुऱ्याकडेला जवस, त्याचे तेल आणि चटणी. कापूस विकायचाच होता, तो दादांच्या वेळीही विकायचाच होता. पण त्यातलाही काही भाग मागे राहायचा. रुईची रजई व्हायची, सरकी म्हशीला जायची, पऱ्हाट्या चुलीला जायच्या.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. वऱ्हाडच्या कापसाचा भावही परदेशातच ठरत होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लिव्हरपूलच्या मागणीने वऱ्हाडात पैसा आला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. आमचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. यवतमाळ हे नाव १९०५ मधले. जिल्ह्याचे नाव बदलले, पीक बदलले, पण दूरच्या बाजाराने आमचा भाव ठरवणे दीडशे वर्षांपासून चालूच आहे. फरक एवढाच की कापसाच्या शेजारी ज्वारी उभी होती. कापूस पडला तरी घरात भाकर होती. सोयाबीनने कापसाची जागा थोडी घेतली आणि ज्वारीची, मुगा-उडदाची जवळजवळ सगळी घेतली. आज भाव पडला तर आमच्या घरात उरते कुटार. जनावरे ते खातात, पण त्याला कडब्याची सर नाही.

ज्वारीला भाव नसला तर दादा म्हणायचे, "राहू दे, खाऊन टाकू." एवढे बोलता येणे ही फार मोठी ताकद होती. व्यापाऱ्यालाही ते माहीत असायचे. सोयाबीनच्या ढिगासमोर उभे राहून भाईजानला ते म्हणता येत नाही. घरात ठेवावे तर वजन घटते, उंदीर लागतात, देणेकरी दारात येतात. विकणे एवढाच उपयोग असलेली वस्तू घेऊन माणूस बाजारात गेला की समोरच्याला थांबायची सवड असते, याला नसते.

तो भाव ठरतो कसा, याचा एक नमुना २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिला. त्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. हमीभाव तेव्हा ३,९५० होता. शेतकऱ्यांच्या घरात त्या वेळी दाणा नव्हता. पीक शेतात उभे होते. कुक्कुटपालकांनी पेंड महागल्याची तक्रार केली आणि केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. आमचा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदेही बंद केले गेले.

२०२४ मध्ये भाव पडायला वेगळी कारणे जमली. ब्राझीलमध्ये प्रचंड पीक आले होते. तिथे हेक्टरी तीन टनांच्या वर उत्पादन निघते, आपल्याकडे एक टनाच्या आसपास. चीन वर्षाला सुमारे दहा कोटी टन सोयाबीन विकत घेतो, पण जगात माल त्याहून वाढला होता. त्यात आपल्याकडे मक्यापासून इथेनॉल काढायचे कारखाने निघाले. त्यातून उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबड्यांना पेंडीऐवजी जाऊ लागला. म्हणजे गाड्यांच्या टाकीत इथेनॉल पडते आणि त्याचा धक्का बाभुळगावच्या सोयाबीनला बसतो. भाईजान यांतल्या कुठल्याच निर्णयात नव्हते.

ओलाव्याची अट नोव्हेंबरच्या मध्यावर १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. आमचे सोयाबीन तोवर ४,१०० ने गेले होते.

आता कोणी म्हणेल, आपण ते खायला लागलो की प्रश्न सुटेल. मलाही काही दिवस तसे वाटत होते. मग इंडोनेशियाची गोष्ट वाचली. जावाच्या गरीब मुसलमानाच्या ताटात टेम्पे रोज असते. मांस परवडत नाही, तिथे टेम्पे. सोयाबीनची चूल तिथे पिढ्यान् पिढ्या पेटलेली आहे. पण तिथले सोयाबीन आता बहुतेक अमेरिकेतून येते. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत दुष्काळ पडला, सोयाबीनचे भाव भडकले, आणि जुलैत, ऐन रमजानमध्ये, जाकार्ताच्या टेम्पे-टोफू बनवणाऱ्यांनी संप केला. इफ्तारच्या ताटातले सर्वांत गरिबाचे अन्न बाजारातून नाहीसे झाले.

त्यांच्याकडे चूल आहे, शेत नाही. आमच्याकडे शेत आहे, चूल नाही. दोघेही शिकागोच्या फळ्याकडे बघत बसतात. पिकवणारा आणि खाणारा यांच्यातला रस्ता जितका लांब, तितके मधल्या माणसाचे राज्य मोठे, एवढेच या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला समजले. मगनवाडीतल्या प्रयोगाचे महत्त्वही मला इथेच वाटते. सोयाबीन चविष्ट आहे की नाही हा तिथला मुख्य मुद्दा नव्हता. खेड्यात पिकणाऱ्या वस्तूचा काही तरी उपयोग खेड्याच्या हातात राहावा, हा होता.

असा एक उपयोग आजही आमच्या हातात आहे आणि तो म्हणजे बियाणे. सोयाबीनचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे संकरित कापसासारखे दर वर्षी नवे बियाणे घ्यावे लागत नाही. घरचे चांगले दाणे राखून पेरता येतात. अट एकच. त्याचे टरफल पातळ असते, आपटले की अंकुर दुखावतो. म्हणून बियाण्याचा ढीग वेगळा, हलक्या मळणीचा, आणि पोत्यांची थप्पी उंच लावायची नाही. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्याने उघडायचे, सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. २०२० मध्ये मराठवाडा-विदर्भात विकतचे बियाणे उगवले नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षी ज्यांच्या घरी गोणपाटाची परीक्षा झाली होती, ते बरेचसे वाचले.

या मे महिन्यात आमच्या ओट्यावर ती परीक्षा पुतणीने केली. शंभरातले अठ्ठ्याहत्तर उगवले. उरलेल्या बियाण्यातले किलोभर दाणे तिने मागून घेतले. शाळेतल्या बाईंनी सांगितले म्हणून ते रात्रभर भिजवले, दहा-बारा मिनिटे उकळले, वाळवले आणि दहा किलो गव्हात एक किलो याप्रमाणे दळून आणले. चपाती जरा पिवळसर आणि मऊ झाली. भाईजानने दोन खाल्ल्या आणि विचारले, "यात काय घातलंय?" कोणीच सांगितले नाही. अम्मी तिकडे तोंड करून हसत होती.

२८ मे २०२५ ला नवा हमीभाव जाहीर झाला, ५,३२८ रुपये. भाईजान खुश होते. दोन दिवसांनी, ३० मे ला, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केल्याची बातमी आली. तेल स्वस्त झाले तर शहरातल्या गरिबालाही दिलासा मिळतो, हे मला कळते. पण बाहेरचे तेल स्वस्त आले की इकडच्या कारखान्याचा हात आखडतो, आणि तो शेवटी आमच्या पोत्यावर येऊन थांबतो. भाईजानने मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "यंदा सात एकरांपैकी पाच एकरच सोयाबीन. त्यात तुरीचे तास वाढवू. दोन एकर ज्वारी टाकतो."

अम्मी म्हणाली, "एकट्या आपल्याच शेतात ज्वारी. गावभरची पाखरं आपल्याकडेच येतील."

"येऊ दे," भाईजान म्हणाले. "त्यांनी खाऊन उरेल ते आपण खाऊ."